उर्दू शाळेत शिकवायचंय? बी.एड.ची फी भरण्याआधी हे वाचा

आपल्या कन्नडमध्ये मुलगी पदवीपर्यंत आली की घरोघरी एकच सल्ला मिळतो: बी.एड. करा, शाळेत लागेल. आम्ही मात्र आधी विचारतो, कोणत्या इयत्तेला शिकवायचंय?

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. लागतो. 11 ऑगस्ट 2023 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नुसत्या बी.एड.वर या वर्गांची नोकरी मिळत नाही. सहावी ते दहावीसाठी पदवी आणि बी.एड. चालते.

आठवीपर्यंत टीईटीही पास व्हावी लागते. पेपर 150 गुणांचा. पास व्हायला 60 टक्के, म्हणजे 90 गुण. मागास प्रवर्गांना 55 टक्के. पहिली भाषा उर्दू घेता येते, पण दुसरी मराठी किंवा इंग्रजी. तिचे 30 गुण. आपली बरीच मुलं इथेच अडकतात. तरी ही अट आम्हाला योग्य वाटते. ज्या लेकराच्या घरात मराठी-इंग्रजी कानावर पडत नाही, त्याला ती टीचरकडूनच मिळणार ना?

नोकरीत असलेल्यांसाठीही नियम आलाय. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असेल तर दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न त्याच निकालात मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. पण त्या भरवशावर अभ्यास थांबवू नका. टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, मेहनत वाया जात नाही.

म्हणून फी भरण्याआधी मुलीला विचारा: लहान मुलांना शिकवायचंय की मोठ्या? मग कोर्स निवडा, आणि रोज अर्धा तास मराठी वाचायला आजपासूनच लावा.