कोपराचा आगाऊ बंदोबस्त

चेन्नईत एग्मोरहून नुंगमबाक्कमचे टेनिस स्टेडियम फार दूर नाही. आणि ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत या परिसरात खेळणाऱ्यांपुढे येणारा चेंडू ओल शोषून असा जड झालेला असतो की, त्याच्या प्रत्येक फटक्याचा हादरा कोपराच्या बाह्य हाडास जोडलेल्या कंडरेस सोसावा लागतो. २००४ साली सचिन तेंडुलकरांना मैदानापासून दूर ठेवणारी व्याधी हीच, टेनिस एल्बो. ती बॅटनेही जडते, एवढ्यावर रॅकेटवाल्यांनी समाधान मानण्याचे कारण नाही.

मनगट वाकवून उशिरा मारलेला बॅकहॅन्ड हे तक्रारीचे एक प्रमुख मूळ. खांदा वळवून चेंडू शरीरापुढेच गाठला, तर भार खांद्यावर व कमरेवर विभागला जातो. रॅकेटची मूठ आवळल्यावर अनामिकेचे टोक आणि तळवा यांमध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी मावावी, तारांचा ताण दोन-तीन पौंड उतरवावा, आणि पॉलिएस्टरच्या ताठर तारांना तूर्त रजा द्यावी. हलके वजन धरून, तळवा जमिनीकडे ठेवून, मनगट दुसऱ्या हाताच्या आधाराने उचलावे व सावकाश खाली सोडावे. हा व्यायाम कंटाळवाणा खरा, परंतु गुणकारी. पट्टा बांधून दुखणे रेटण्याची तजवीज मात्र मला मंजूर नाही: कॉफीचा पेला उचलतानाही कळ येऊ लागली, म्हणजे डॉक्टरांकडेच जावे.