विश्लेषण : रुग्ण ‘निरीक्षणाखाली’ म्हणजे दाखल की नाही?

छातीत दुखते म्हणून वडिलांना रात्री रुग्णालयात नेले. ईसीजी ‘नॉर्मल’ आला. तरी डॉक्टर घरी सोडत नाहीत आणि वॉर्डातही पाठवत नाहीत. ‘सकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवू’ म्हणतात. नातेवाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात या काही तासांवर रुग्णाचा जीव आणि विम्याचा दावा, दोन्ही अवलंबून असू शकतात.

निरीक्षण कोणासाठी?

आपत्कालीन विभागात येणारे काही रुग्ण उघडच गंभीर असतात, तर काही औषध घेऊन लगेच घरी जाऊ शकतात. प्रश्न मधल्यांचा असतो. दम्याचा झटका, चक्कर येऊन पडणे, डोक्याला मार, तीव्र अ‍ॅलर्जी अशा रुग्णांचे पुढे काय होणार, हे काही तासांतच स्पष्ट होते. त्यांच्यासाठी मोठ्या रुग्णालयांत स्वतंत्र निरीक्षण कक्ष असतो. इतरत्र हेच काम आपत्कालीन विभागातील खाटेवर चालते.

एकच तपासणी पुरेशी का नाही?

हृदयाच्या स्नायूंना इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढते, पण त्याला वेळ लागतो. दुखणे सुरू होताच केलेली पहिली चाचणी त्यामुळे फसवी ठरू शकते. अतिसंवेदनशील चाचणी एक ते तीन तासांनी, तर जुन्या पद्धतीची तीन ते सहा तासांनी पुन्हा करतात. दोन आकड्यांतील फरक, ईसीजी, वय, मधुमेह, रक्तदाब हे सारे पाहून निर्णय होतो. घाईने घरी पाठवणे जिवावर बेतू शकते, पण सरसकट सर्वांना दाखल केले तर गरजूला खाट मिळत नाही.

विम्याची अडचण कोणती?

भारतातील आरोग्य विम्यात ‘रुग्णालयात दाखल’ म्हणजे साधारणपणे सलग किमान २४ तास. ‘डे-केअर’ उपचार याला अपवाद आहेत, मात्र निरीक्षण त्यात बसतेच असे नाही. शिवाय केवळ तपासणी व निदानासाठी दाखल झाल्यास तो खर्च वगळण्याची अट असते. त्यामुळे २४ तास पूर्ण होऊनही दावा अडकू शकतो.

अमेरिकेत काय घडले?

तेथील ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेत निरीक्षणाखालील रुग्ण कागदोपत्री बाह्यरुग्णच असतो. मूळ योजनेत शुश्रूषा केंद्राचा खर्च मिळण्यासाठी आधी सलग तीन दिवस आंतररुग्ण असावे लागते आणि त्यात निरीक्षणाचे दिवस धरत नाहीत. उपचार दोन मध्यरात्री ओलांडतील असे डॉक्टरांना वाटल्यास दाखल करावे, असा नियम ऑक्टोबर २०१३ मध्ये लागू झाला. निरीक्षण २४ तासांपुढे गेल्यास रुग्णाला तसे लेखी कळवण्याचे बंधन २०१५च्या कायद्याने आले.

नातेवाइकांनी काय विचारावे?

रुग्ण दाखल आहे की निरीक्षणाखाली? कशाची वाट पाहत आहोत? पुढची चाचणी किती वाजता? घरी सोडल्यावर कोणते लक्षण दिसल्यास लगेच परतायचे? विमा असल्यास कंपनीला तत्काळ कळवावे. डिस्चार्ज कार्डावर दाखल करण्याची वेळ, लक्षणे, दिलेले उपचार आणि निरीक्षणाचे कारण नोंदवले आहे का, हे घरी निघण्यापूर्वीच पाहावे. मात्र केवळ दाव्यासाठी २४ तास भरवण्याचा आग्रह धरू नये. दाखल करण्याचा निर्णय रुग्णाच्या प्रकृतीवरूनच व्हायला हवा.