सिडनीत अकरावीला इंग्रजी कुठलं घ्यायचं?

दहावीतल्या मुलांचे मेसेज सुरू झालेत: "दादा, आई-बाबा म्हणतात ॲडव्हान्स्डच घे, मित्र म्हणतात ईएएल/डी सोपं. काय करू?" चला, आज हेच सोडवू.

आधी एक गोष्ट. न्यू साउथ वेल्समध्ये एचएससीला सक्तीचा विषय एकच, तो म्हणजे इंग्रजी. विद्यापीठ प्रवेशाचा एटीएआर 10 युनिट्सवर काढतात आणि त्यात इंग्रजीची 2 असावीच लागतात. म्हणजे गणितात कितीही भारी असा, इंग्रजी तुमच्यासोबत येणारच.

आता ईएएल/डी. इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही, त्यांच्यासाठीचा हा कोर्स. पण इथेच आपली मराठी मुलं गोंधळतात. घरी मराठी बोलता एवढ्यावर तो मिळत नाही. नियम शाळेचं माध्यम बघतो: अकरावी सुरू होण्याआधी इंग्रजीतून शिक्षण 5 वर्षं किंवा त्याहून कमी झालेलं हवं. नाशिकला आठवीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली मुलगी यात बसते. पुण्यात पहिलीपासून इंग्लिश मीडियममध्ये असलेला मुलगा बसत नाही, इंग्रजी बोलताना तो कितीही अडखळत असला तरी! सेमी-इंग्रजीवाल्यांनी मात्र स्वतःच अंदाज बांधू नये. कुठले विषय कुठल्या भाषेत शिकलात त्याची कागदपत्रं घेऊन शाळेत विचारा.

ईएएल/डीमध्ये साहित्य असतंच, सोबत भाषा पक्की करण्यावर भर असतो. ॲडव्हान्स्डमध्ये शेक्सपिअर येतो आणि लांब, मुद्देसूद निबंध लिहावे लागतात. स्टँडर्डमध्येही कथा-कविता आहेत, पण मजकूर थोडा आवाक्यातला. इंग्लिश स्टडीज नावाचाही कोर्स आहे. त्याची बोर्डाची परीक्षा ऐच्छिक असते, पण ती दिली नाही तर एटीएआर मिळत नाही. हे आधीच माहीत असू द्या.

मग स्केलिंगचं काय? "स्टँडर्ड घेतलं की मार्क कापतात," असं सगळे म्हणतात. पण स्केलिंग विषयाच्या नावावर ठरत नाही. तो विषय घेणारी मुलं बाकीच्या विषयांत कशी आहेत, त्यावरून ते दरवर्षी नव्याने ठरतं. ॲडव्हान्स्डमध्ये तळाशी राहून त्याचा फायदा आपोआप मिळेल, असं समजू नका.

दोन गोष्टी मात्र ॲडव्हान्स्डशिवाय होत नाहीत. एक्स्टेन्शन इंग्लिश हवं असेल तर ॲडव्हान्स्ड लागतंच. आणि बारावीला ॲडव्हान्स्ड करायचं तर अकरावीलाही तेच केलेलं लागतं. वरून स्टँडर्डला उतरता येतं, उलटं अवघड.

मी सांगतो ते करून बघा. ॲडव्हान्स्डचा एखादा जुना प्रश्न घ्या, फोन बाजूला ठेवा आणि 40 मिनिटांत उत्तर लिहा. ते इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा आणि थेट विचारा, "वर्षभरात माझं हे सुधारेल का?" त्यांचं उत्तर मित्रांच्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाचं.

आणि आई-बाबांना हा भाग नक्की ऐकवा. ईएएल/डी म्हणजे "ढ मुलांचं इंग्रजी" नव्हे. एटीएआरला तेही इंग्रजीची पूर्ण 2 युनिट्स म्हणूनच धरलं जातं.

भेटू पुढच्या भागात!