अर्नाळा : वाळूवरचं बेट

आमच्या बमरोलीत 'खाडी' म्हटलं की हात आधी नाकाकडे जातो. सुरतेत खाडी म्हणजे शहराचं सांडपाणी नेणारा ओढा. पावसाळ्यात तोच वस्तीत शिरतो, आणि त्याला 'खाडीपूर' असं नावही आहे. त्यामुळे नंदाखालची मावशी "खाडीच्या तोंडाशी बेट आहे, बघून ये" म्हणाली, तेव्हा मी फारशी हरखले नाही.

पण ही खाडी वैतरणेची. सुरतहून मुंबईला येताना सफाळ्यानंतर गाडी जिच्या पुलांवरून धडधडत जाते ना, तीच. पुढे ती समुद्राला मिळते, तिथेच अर्नाळा बेट आहे. विरारहून बसने अर्नाळा गाव, मग होडी. ओहोटी होती, म्हणून चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून चढले.

पोर्तुगीज याला 'गायींचं बेट' म्हणत. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतलं आणि आजचा किल्ला बांधला. दरवाजावरच्या शिलालेखात बाजीरावाचं नाव आहे. २०२५ मध्ये नौदलात आलेल्या 'आयएनएस अर्नाळा' या युद्धनौकेचं नाव याच किल्ल्यावरून ठेवलंय. तटाबाहेर कोळ्यांची वस्ती.

किल्ला सगळेच बघतात. मला मात्र पायाखालच्या जमिनीचं नवल वाटलं. जंजिरा खडकावर उभा आहे. अर्नाळा सखल आणि रेताड. नदी भरतीच्या पाण्याला भिडते तेव्हा तिचा वेग मोडतो आणि हातातलं ओझं टाकावं तशी ती जड वाळू आधी खाली टाकते. लाटा ती वाळू इकडून तिकडे नेतात. म्हणजे इथला किनारा हे चालू खातं आहे : नदी भरते, समुद्र काढतो. वर मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी धरणं गाळ अडवून बसलीत. शिवाय खाडीतून वाळूउपसा होतो, तो वेगळाच. भरणा आटला, पण उधाणाची भरती काही सुट्टी घेत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाची गोष्ट ऐकली होती. इथली माणसं मूर्ख नाहीत. ज्यांचं पोट समुद्रावर, ती समुद्राशेजारीच राहणार.

आणि वाळूच त्यांना पाणीही देते. चहूबाजूंनी खारं पाणी, तरी विहिरी गोड्या कशा? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. लक्षद्वीपची बेटंही अशाच पाण्यावर जगत आली. आदर्श स्थितीत समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर असतं. हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी वीतभर घसरली, की खालून चाळीस विती खारं पाणी चढतं. किनारा खचून बेट अरुंद झालं तरी तेच. म्हणजे समुद्र नुसतं अंगण नेत नाही, विहिरीच्या बुडाशीही पोचतो.

गावकरी धूपप्रतिबंधक बंधारा मागतात. मागणी रास्तच आहे. फक्त बंधारा जिथे संपतो, त्या टोकाला लाटांचा मारा वाढतो, म्हणून तो तुकड्यातुकड्यानं बांधून भागत नाही.

परतताना एका आजींनी कळशीतलं पाणी दिलं. "आमचं जुनं घर तिथं होतं गो," म्हणत त्यांनी बोट दाखवलं. तिथे दोन होड्या नांगरलेल्या होत्या. पाणी गोड होतं.