गुहेतील चुनखडीने जपलेली पावसाची नोंद

गतवर्षी पाऊस किती पडला, हे पर्जन्यमापकावरून कळते. त्यामागील दुष्काळ घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतात. परंतु भारतीय हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ साली. त्यापूर्वीच्या मोजलेल्या पावसाच्या नोंदी थोड्याच आहेत. मग पूर्वीच्या शतकांतील पाऊसमान कशावरून ठरवावे? याचे एक उत्तर चुनखडीच्या गुहांत मिळते.

पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडीचा खडक हळूहळू विरघळविते. गुहेच्या छतातून ते थेंबाथेंबाने गळू लागले म्हणजे त्यातील वायू निघून जातो आणि विरघळलेली चुनखडी तळावर थरावर थर साचते. अशा रीतीने वाढलेल्या खांबास लवणस्तंभ म्हणतात.

पाण्याबरोबर युरेनियमचा सूक्ष्म अंशही थरात येतो. थोरियम मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. थरातील युरेनियमपासून पुढे ठरावीक गतीने थोरियम तयार होते. दोहोंच्या प्रमाणावरून थराचे वय काढता येते. पावसाचा अंदाज प्राणवायूवरून येतो. प्राणवायूचे जड व हलके असे प्रकार आहेत. मोसमी पाऊस जोराचा असला म्हणजे त्यातील जड प्राणवायूचे प्रमाण सामान्यतः घटते, आणि तोच फरक थरात उतरतो.

छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात दंडक गुहा आहे. तेथील लवणस्तंभाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून इ. स. ६०० ते १५०० या काळाची नोंद हाती आली. चौदाव्या शतकात व पंधराव्याच्या पूर्वार्धात पाऊस दीर्घकाळ क्षीण राहिल्याचे तीत आढळते. परंपरेने १३९६ ते १४०७ असा सांगितला जाणारा महाराष्ट्रातील दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळात मोडतो.

लवणस्तंभावरून पुढील हंगामाचे भाकीत करता येत नाही, किंवा एखाद्या गावचा पाऊस मिलिमीटरमध्ये सांगता येत नाही. तथापि त्यापासून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अवर्षण एका वर्षाचेच असते, असे गृहीत धरून चालणार नाही. म्हणून बांधबंदिस्ती, विहिरींचे पुनर्भरण आणि कडबा व बियाणे यांचा साठा ही कामे सुकाळातच करून ठेवावीत. लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस हुकला, तर आपला निभाव कसा लागेल, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने आताच मांडून पाहावा.