आजीला गप्प बसवू नका

"ताई, पोरगं तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. दोन-दोन भाषा कानावर पडतात ना, म्हणून गोंधळलंय म्हणे."

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की हे वाक्य कुणा ना कुणा आईच्या तोंडून येतंच. कुणाला शाळेच्या बाईंनी सांगितलेलं असतं, कुणाला शेजारणीनं. एका आईला ते मीच सांगितलं होतं. ती गोष्ट आधी सांगते.

तेव्हा मी दवाखान्यात नर्स होते. एक बाई मुलाला घेऊन आली. मूल अडीच वर्षांचं, "आई" आणि "दे" एवढे दोनच शब्द. बाकी सगळं बोट दाखवून. घरात आजी बुलढाण्याकडची, तिची वऱ्हाडी बोली. गल्लीत हिंदी. मुलाला नुकतंच इंग्रजी नर्सरीत घातलं होतं आणि तिथल्या टीचरनं बजावलं होतं, घरी फक्त इंग्लिश बोला. आईनं मला विचारलं, "खरं आहे का हो सिस्टर?" रांग मोठी होती, मी घाईत होते. म्हणाले, "हो, सध्या एकच भाषा ठेवा."

झालं. आठवी शिकलेली ती आई मुलाशी "कम", "सिट", "ईट" असं बोलायला लागली. आजीला सांगितलं, तुमचं गावठी त्याच्यासमोर बोलू नका. आजी गप्प झाली. दिवसभर मूल आजीपाशीच असायचं, म्हणजे दिवसभर त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं. त्याच्या हातात मोबाईल आला, त्यावर इंग्रजी गाणी.

वर्ष गेलं. गावाहून आलेल्या मावशीच्या लक्षात आलं की पाठीमागून हाक मारली तर पोर वळत नाही, आणि टीव्हीचा आवाज सारखा वाढवतं. वर्षातून चार-पाच वेळा सर्दी, मधूनच कान वाहायचा. तपासणी केली तर दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं. आपण कानात बोटं घालून बसल्यावर समोरच्याचं जसं ऐकू येतं, तसं त्याला ऐकू येत होतं. दोष कानात होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो आजीच्या बोलीवर ढकलला होता. मी तर शिकलेली सिस्टर, पण त्याच्या कानांबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दोन किंवा तीन भाषा ऐकल्यानं मूल मुकं होत नाही, त्याचं बोलणंही अडत नाही. आपल्याच घरांत बघा ना. तीन-चार वर्षांची पोरं विहारात मोठ्यांच्या मागे त्रिशरण-पंचशील पाली भाषेत घडाघडा म्हणतात, बाहेर येऊन हिंदीत भांडतात आणि घरी जाऊन मराठीत भाकरी मागतात. पालीमुळे पोरगं गोंधळलं, असं कधी कुणी म्हटलंय?

"मम्मी, वो मांजर बघ ना" असं लेकरू बोललं तर घाबरू नका. जो शब्द आधी सापडला तो ते वापरतं. मोठी माणसंही तेच करतात. आपण "लाईट गेली" म्हणतो, "वीज गेली" किती जण म्हणतात? अशा वेळी मुलाला टोकू नका. "हो, मांजर बघ कशी बसलीय" एवढं आपल्या भाषेत म्हणा आणि पुढे चला.

मग काळजी कधी करायची? सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवतं. वर्षाचं मूल "बाबाबा, दादादा" करतं, नावानं हाक मारली की बघतं. दीड वर्षापर्यंत काही शब्द यायला हवेत. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द, आणि "दूध दे", "बाबा गेले" अशी दोन शब्दांची जोडी. मोजताना सगळ्या भाषा धरा: "पाणी" मराठीतला, "गाडी" हिंदीतला, "बॉल" इंग्रजीतला, सगळे मोजायचे. एवढं करूनही फार कमी भरले तर भाषांना दोष देत बसू नका, मुलाला तपासायला न्या. आणि आधी बोलत असलेलं मूल बोलायचं थांबलं, तर वय कितीही असो, थांबू नका.

आपल्याकडे ताट वाजवून बघायची पद्धत आहे. पोर दचकलं की सगळे निश्चिंत. पण ताटाचा आवाज मोठा. कमी ऐकणाऱ्या मुलालाही तो ऐकू जातो आणि हळू बोललेले शब्द मात्र निसटतात. त्याऐवजी मूल खेळात असताना त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहा आणि साध्या, हळू आवाजात नाव घ्या. दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी. ही घरची परीक्षा झाली. शंका राहिलीच तर कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. अगदी तान्ह्या बाळाचीही झोपेत असताना "बेरा" तपासणी होते, त्यात दुखत नाही. जन्मापासून ऐकू येत नसेल तर पहिल्या सहा महिन्यांतच यंत्र आणि शिकवणी सुरू झालेली सगळ्यांत चांगली. "त्याचा बापही उशिरा बोलला होता" म्हणत दोन-दोन वर्षं घालवू नका.

कानात गरम तेल, लसणाचं तेल घालणं बंद करा, वाहत्या कानात तर मुळीच नको. बाळाला सपाट झोपवून बाटलीनं दूध पाजू नका. घरात विडी-सिगारेटचा धूर असेल तर मुलांचे कान जास्त बिघडतात, हे घरातल्या पुरुषांना ऐकवा. पडद्यामागचं पाणी बऱ्याच मुलांत आपोआप ओसरतं. तीन महिन्यांनंतरही राहिलं तर डॉक्टर पुढचा उपाय सांगतात.

आता इंग्रजीबद्दल. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली, तेव्हा इंग्रजी नको असं सांगायला मी आलेले नाही. बाबासाहेबांच्या घरची भाषा मराठी. शाळेत संस्कृत नाकारलं म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. प्रबंध त्यांनी इंग्रजीत लिहिले आणि १९२० साली "मूकनायक" काढला तो मराठीत. एक भाषा आली म्हणून दुसरी टाकावी लागत नाही. पण ज्या आईला इंग्रजीचे पन्नास शब्द येतात ती मुलाला पन्नासच शब्द देणार. तीच आई स्वतःच्या बोलीत रागावते, समजावते, पाणी का भरून ठेवायचं ते सांगते, हजारो शब्द देते. शाळेतलं इंग्रजी त्याच पायावर चढतं. आपल्या बोलीला "अशुद्ध" म्हणणारे शाळेतही भेटतात आणि नात्यातही. त्यांचं ऐकून आजीचं तोंड बंद केलं, की पोराच्या हाती मोबाईलच राहतो. मोबाईल प्रश्न विचारत नाही, उत्तराची वाट बघत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला तो देऊच नका.

त्या मुलाच्या कानांवर उपचार झाले, पुढे वर्षभर बोलण्याची शिकवणी चालली. आजीला पुन्हा बोलायला सांगायला मी स्वतः घरी गेले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हीच तर म्हणलं होतं." मला उत्तर देता आलं नाही. मूल आता दुसरीत आहे. काही अक्षरं अजून जड जातात. आजीशी वऱ्हाडीत भांडतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, तपासणी मोफत असते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे कान आणि बोलणं दोन्ही तपासतात. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना आजच विचारून ठेवा. आणि कान वाहत असेल तर कापूस कोंबून आणू नका, डॉक्टरांना ते दिसायला हवं.