मटण किती शिजवावे?

परदेशी गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला तिथल्या हॉटेलातला एक प्रश्न हमखास बुचकळ्यात टाकतो. स्टेक, म्हणजे गोमांसाचा दीड-दोन बोटे जाडीचा भाजलेला तुकडा, मागवला की वाढपी विचारतो, "किती भाजून आणू?" आतून लाल, गुलाबी, फिकट गुलाबी, की आरपार करडा, अशा चार-पाच पायऱ्या ठरलेल्या असतात आणि गिऱ्हाईकही ठामपणे आपली पायरी सांगते. अकोटच्या किंवा परतवाड्याच्या खानावळीत असा प्रश्न कोणी विचारला, तर स्वयंपाक्याची अक्कल काढली जाईल. आपल्याकडे मटण एकतर शिजलेले असते, नाहीतर कच्चे राहिलेले असते. हाडापासून सुटले, बोटाने दाबल्यावर तुटले, की शिजले.

हा नुसता आवडीनिवडीचा भाग म्हणून सोडून देता येईल. पण मग एक गंमत सुटत नाही. स्टेक जास्त भाजला तर तो चामड्यासारखा वातड होतो, अशी तिथल्या खवय्यांची तक्रार असते. मटण मात्र जितके जास्त शिजवावे तितके मऊ होते, असा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. दोन्ही स्नायूच आणि दोन्हींना उष्णताच दिली. मग परिणाम उलटा कसा?

स्नायूमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते आणि एक-पंचमांशाच्या आसपास प्रथिने. ही प्रथिने दोन प्रकारची कामे करतात. मायोसिन आणि अ‍ॅक्टिन ही स्नायूच्या तंतूंतली प्रथिने आकुंचनाचे काम करतात. दुसरे कोलॅजन. ते तंतूंच्या जुड्या बांधून ठेवणारे, त्यांना हाडाशी जोडणारे, दोरखंडासारखे चिवट प्रथिन. मांस तापू लागले की ५० अंश सेल्सिअसच्या सुमारास मायोसिनची घडी मोडू लागते. मांस थोडे घट्ट होते, पण रसदार राहते. ६० अंशांच्या पुढे कोलॅजनची जाळी आक्रसते आणि ओला कपडा पिळावा तसे तंतूंतले पाणी बाहेर पडू लागते. ६६ ते ७३ अंशांच्या दरम्यान अ‍ॅक्टिनही गोठते आणि तुकडा कडक, कोरडा होतो. पूर्ण भाजलेल्या स्टेकची कहाणी इथेच संपते.

मटणाची कहाणी मात्र इथून पुढे सुरू होते. ७० अंशांच्या वर, ओलाव्यात आणि भरपूर वेळ मिळाला तर कोलॅजनच्या तीन पदरी दोऱ्या उलगडतात आणि त्यांचे जिलेटिन होते. जिलेटिन पाण्यात विरघळते. तंतू कोरडे झालेलेच असतात, पण त्यांना बांधणारी दोरीच विरघळल्याने ते सुटे होतात, शिवाय जिलेटिनचा बुळबुळीतपणा त्यांच्याभोवती राहतो. जिभेला तेच मऊ आणि रसदार लागते. थोडक्यात, मांस मऊ लागण्याची ठिकाणे दोन आहेत: एक ६० अंशांच्या आत, दुसरे उकळत्या रश्श्यात तास-दीड तासानंतर. मधला सगळा प्रदेश वातड. घाईत असलेल्या पाहुण्यांना मटण नेमके याच मधल्या प्रदेशात असताना वाढले जाते!

जिलेटिन पाहायचे असेल तर पायाचे सूप थंडीच्या रात्री झाकून ठेवावे. सकाळी वर चरबीचा पांढरा थर दिसेल. तो बाजूला केला की खाली थरथरणारा, पारदर्शक थर लागेल. तो चरबीचा नव्हे, जिलेटिनचा. विद्यार्थी या दोघांची नेहमी गल्लत करतात.

आता वऱ्हाडाने पहिले ठिकाण सोडून दुसरेच का निवडले? पहिले कारण जनावराचे. आपल्याकडची बेरारी शेळी चरण्यासाठी दिवसभर पायपीट करते. जो स्नायू जास्त राबतो त्यात कोलॅजन जास्त असते आणि वय वाढते तसे कोलॅजनच्या धाग्यांमधले आडवे बंध वाढून ते अधिक चिवट होते. म्हणून कोवळ्या बोकडाचे मटण लवकर शिजते आणि जुन्या बोकडासाठी जास्त लाकडे जाळावी लागतात. स्टेकसाठी तिकडे मुख्यतः पाठीच्या कण्यालगतचे, फार न राबणारे स्नायू घेतात. कलेजीत तर कोलॅजन अगदी कमी. म्हणून ती झटपट शिजते आणि जास्त वेळ ठेवली तर कडक, रवाळ होते. अनुभवी स्वयंपाकी ती शेवटी टाकतो.

दुसरे कारण हवेचे, आणि आम्हाला ते अधिक महत्त्वाचे वाटते. जनावर कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात. हा ताठरपणा पुढे मांसातलीच विकरे हळूहळू सोडवतात. तिकडे स्टेकचे मांस गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला कित्येक दिवस, कधी आठवडे टांगून ठेवतात, ते यासाठीच. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे शीतपेटीशिवाय मांस टांगून ठेवणे म्हणजे ते सडवणे. खाटकाकडे सकाळी कापलेला बोकड दुपारी चुलीवर चढलाच पाहिजे. विकरांनी करायचे काम मग उष्णतेकडून करून घ्यावे लागते. कच्च्या पपईचा गर खिम्याला किंवा मांसाला चोळतात, तेव्हा पपेन नावाचे बाहेरचे विकर आपण उसने आणतो, एवढेच.

रंगाचे काय? स्टेकमधून निघणारा लाल रस रक्ताचा नसतो. तो मायोग्लोबिनचा. हे प्रथिन स्नायूत ऑक्सिजन साठवते. (प्रथिनाच्या रेणूची त्रिमितीय रचना पहिल्यांदा उलगडली ती याच मायोग्लोबिनची. जॉन केंड्रू यांनी १९५८ मध्ये ती मांडली आणि १९६२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मॅक्स पेरुट्झ यांच्याबरोबर मिळाले.) ६० अंशांच्या पुढे मायोग्लोबिनची घडी मोडू लागते आणि लाल रंग करडा-तपकिरी होतो. आपल्या रश्श्यात हळद-तिखटामुळे हा बदल दिसतच नाही, म्हणून आपण बोटाने दाबून पाहतो.

भाजलेल्या पृष्ठभागाचा खरपूस तपकिरी रंग मात्र वेगळा. प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात १४० अंशांच्या आसपास वेगाने होणाऱ्या या अभिक्रिया फ्रेंच रसायनज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिल्या. त्यांतूनच शेकडो सुवासिक पदार्थ तयार होतात. लिबिख या थोर रसायनज्ञाने १८४७ मध्ये असे मांडले होते की, मांसाचा पृष्ठभाग आधी भाजला तर रस आत कोंडला जातो. पुढे तुकडे वजन करून पाहिल्यावर ते चूक ठरले, पण पाककृतींच्या पुस्तकांत ते अजून छापले जाते. पाण्यात शिजणाऱ्या मटणाला १०० अंशांच्या वर जाताच येत नाही, मग वऱ्हाडी रश्श्याला खमंगपणा येतो कुठून? वाटणातून! कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजून वाटतात. मांसाने जी अभिक्रिया करायची ती आपण कांद्याकडून करून घेतो आणि मग मटण खुशाल पाण्यात शिजवतो. रोडग्यांचे कवच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस होते तेही याच अभिक्रियांमुळे.

बर्गर म्हणजे चपटा स्टेक नव्हे

इथवर प्रश्न चवीचा होता. आता जिवाचा.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जिवाणू जवळजवळ नसतात. ते असतात कातडीवर आणि आतड्यात, आणि कापताना मांसाच्या पृष्ठभागाला लागतात. स्टेकचा पृष्ठभाग तापल्या तव्यावर काही सेकंदांत दीडशे अंशांपर्यंत पोचतो. आत ५५ अंश असले तरी जिवाणू जिथे होते तिथे ते मेलेले असतात. खिमा केला की सगळा पृष्ठभाग आत जातो, आणि कारखान्यातल्या खिम्यात अनेक जनावरांचे मांस एकत्र मिसळलेले असते. खिम्याच्या टिकियेला, म्हणजे बर्गरला, 'आतून गुलाबी' हा पर्याय म्हणूनच धोक्याचा.

याची किंमत १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात मोजावी लागली. जॅक इन द बॉक्स या हॉटेल-साखळीतले अर्धवट भाजलेले बर्गर खाऊन सातशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. दोषी जिवाणू ई. कोलाय, प्रकार ओ १५७: एच ७. गुरांच्या आतड्यात तो निरुपद्रवी असतो. माणसात त्याचे विष लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी करू शकते. वॉशिंग्टन राज्याचा नियम बर्गर ६८ अंशांपर्यंत तापवण्याचा होता; हे बर्गर त्याहून कमी तापले होते. आज अमेरिकेचे कृषिखाते खिम्यासाठी ७१ अंश, कोंबडीसाठी ७४ आणि अखंड तुकड्यासाठी ६३ अंश व वर तीन मिनिटे मुरवणे असे सांगते.

हे आकडे म्हणजे जिवाणूंच्या मरणाची एकच ठरलेली रेषा नव्हे. मरण तापमान आणि वेळ या दोहोंवर ठरते. गोमांसातल्या साल्मोनेलासाठी ६० अंशांना १२ मिनिटे, ६३ ला ४ मिनिटे जे काम करतात, ते ७० च्या वर क्षणात होते. रंगावर मात्र भरवसा ठेवू नये. चारांपैकी एक बर्गर सुरक्षित तापमानाआधीच तपकिरी होतो, असे तिथल्या कृषिखात्याला आढळले.

अमरावती-अकोल्यात आता मिळणारे बर्गर बहुधा बटाट्याच्या टिक्कीचे किंवा कोंबडीचे असतात, पण नियम सीख कबाबालाही लागू आहे. निखाऱ्यावर बाहेरून काळा झालेला जाड सीख आतून कच्चा असू शकतो. कारण उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट, वेळ चौपट. शामी कबाबात खिमा डाळीबरोबर आधी शिजवून घेतात आणि मग तळतात. ही रीत ज्याने काढली त्याला आमचा सलाम. कच्चट मटणातून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवीही येऊ शकतो. तो सुमारे ६७ अंशांना मरतो. गर्भवतीने म्हणून चाखण्यासाठीही अर्धे कच्चे मटण तोंडात टाकू नये.

वर्गात मांस आणणे अवघड, पण अंडे चालू शकेल. तापमापी लावून पाणी ६५ अंशांवर तासभर ठेवा आणि त्यात अंडे सोडा. पिवळा बलक घट्टसर झालेला, पण पांढरा मात्र सैल, असे उलटेच अंडे मिळेल. वेगवेगळी प्रथिने वेगवेगळ्या तापमानाला गोठतात, हे सांगायला याहून चांगला पुरावा नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते, अमरावतीत ९९ च्या. डोंगरावर मटणाला वेळ जास्त का लागतो, हे गणित मुलांना घालता येईल. कुकरमध्ये तापमान १२० अंशांजवळ जाते आणि हा फरक जवळजवळ पुसला जातो.

शिजवून झाल्यावर

आपण मटण इतके शिजवतो, मग आपल्याला धोकाच नाही, असे मात्र नाही. लग्नात किंवा कंदुरीत मोठाल्या गंजांत रस्सा होतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. गंज झाकून रात्रभर तसाच ठेवला, तर मधला रस्सा कित्येक तास ४० ते ५० अंशांत रेंगाळतो, आणि हा जिवाणू सर्वांत वेगाने वाढतो तो नेमका याच पट्ट्यात. दुसऱ्या दिवशी कोमट करून वाढलेल्या मटणाने पोटात कळा येऊन जुलाब होतात, आणि दोष बिचाऱ्या बोकडाला दिला जातो. खळखळून उकळले तर वाढलेले जिवाणू मरतात; पण हाताळताना लागलेल्या स्टॅफिलोकोकसने विष सोडले असेल, तर ते उकळूनही जात नाही.

म्हणून उरलेला रस्सा गंजात ठेवू नये. परातीत किंवा पसरट भांड्यांत दोन-तीन बोटे खोलीचा ओतावा. जाडीच्या वर्गाचा नियम निवण्यालाही लागू आहे: एक हात खोल गंजाला जिथे रात्र लागते, तिथे परातीला तासाभराच्या आत जमते. निवला की शीतपेटीत. शीतपेटी नसेल, तर रात्रीच वाटून संपवावा.